खुडलेल्या फुलाचें आयुष्य

झाडापासून तोडलेलें फूल तत्क्षणीं मरत नाहीं. त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो, पाकळ्यांतून बाष्प निघत असतें. मात्र मुळांकडून येणारा पुरवठा तुटलेला असतो. फुलदाणींतील गुलाब दुसऱ्याच दिवशीं मान टाकतो तेव्हां बहुधा तीन कारणांपैकीं एखादें घडलेलें असतें: तहान, भूक किंवा एका अदृश्य वायूची बाधा.

फुलदाणी भरलेली असतांहि फूल तहानेलें राहतें, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. देंठ कापतांच त्यांतील सूक्ष्म जलवाहिन्यांत हवा शिरते. पुढें शिळ्या पाण्यांत वाढलेले जंतु त्यांचीं तोंडें बुजवितात. यास्तव देंठ पाण्यांत बुडवून धारदार चाकूनें इंचभर पुन्हां तिरपा कापावा, पाण्याखालीं येणारीं पानें काढावींत, फुलदाणी घासावी आणि पाणी रोज बदलावें.

भुकेची गोष्ट अशी. झाडावर असतां पानें अन्न पुरवितात. कापल्यावर फूल सांठ्यावर जगतें. १ लिटर पाण्यांत १० ते २० ग्रॅम साखर घातल्यास कळ्यांना उमलण्यास बळ मिळतें. परंतु तीच साखर जंतूंनाहि पोसते. जंतुनाशकाची जोड नसल्यास ती न घातलेलीच बरी. थंडींत श्वासोच्छ्वास मंदावून सांठा अधिक पुरतो. म्हणूनच गुलाब ० ते २ अंश सेल्सिअस तपमानांत सांठवितात, आणि मावळांतील तळेगांवचे गुलाब परदेशीं टवटवीत पोंचतात. उष्ण प्रदेशांतील अँथुरिअम मात्र अशा थंडीनें काळवंडतें.

तिसरा शत्रु एथिलीन वायु. दिव्याच्या गॅसमधील वनस्पतींना बाधणारा घटक हाच, हें रशियांतील नेल्यूबॉव यांनीं १९०१ सालीं दाखविलें. १९०८ सालीं शिकागोच्या क्रॉकर व नाइट यांनीं कार्नेशनच्या फुलांवरील त्याचा दुष्परिणाम प्रसिद्ध केला. उमललेलीं फुलें त्यानें मिटून जात. पिकणारे आंबे व केळीं हाच वायु सोडतात. फळांची टोपली आणि फुलदाणी एका मेजावर शोभून दिसली, तरी तो शेजार फुलांस घातक होय.

फूल कायमचें टिकविणें शास्त्राच्या हातीं नाहीं. पण अकालीं सुकलेल्या फुलाबरोबर माळ्याचे श्रमहि केरांत जातात. धारदार चाकू, स्वच्छ पाणी, थंड जागा आणि फळांपासून अंतर एवढें प्रत्येक घरांत सहज संभवतें.