संदेशांची देवघेव : अडकलेला प्रोग्रॅम

एकतर्फी संदेशांबद्दल आज लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. सांगलीच्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय आणि प्रश्न असा फर्मास आहे की बाजूला ठेववत नाही. तिच्या प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या दोन प्रोसेस एमपीआय वापरून (समांतर संगणकांत संदेश पाठवायचं हे प्रमाण) एकमेकींना आकडे पाठवतात. दोघीही आधी सेंड करतात, मग रिसीव्ह. शंभर आकडे असले की काम चुटकीसरशी होतं. लाख केले की स्क्रीन ढिम्म! ना एरर, ना उत्तर. ‘चूक माझी की एमपीआयची?’

चूक तुझी, पण इतके दिवस ती झाकून ठेवली एमपीआयने. कुरिअरवाला लहान पाकीट दाराखालून सरकवून निघून जातो, खोकं असलं तर बेल वाजवून थांबतो. इथेही तेच. छोटा संदेश समोरच्याच्या राखीव जागेत टाकून सेंड मोकळं होतं. मोठा असला तर आधी नुसती वर्दी जाते आणि समोरून रिसीव्ह येईपर्यंत सेंड खोळंबतं. तुझ्या दोन्ही प्रोसेस सेंडमध्येच अडकल्यात, रिसीव्हपर्यंत कुणी पोचतच नाही. दोन्हीकडे सेंडरिसीव्ह (एकाच हाकेत दोन्ही) वापर, सुटेल. आणि एक सवय लावून घे : प्रोग्रॅम तपासताना सेंडच्या जागी एस-सेंड घालायचं. ते रिसीव्ह सुरू झाल्याशिवाय परतत नाही, त्यामुळे असली चूक एका आकड्यालाही उघडी पडते.

छोटा कुठवर आणि मोठा कुठून, हे मात्र एमपीआयच्या प्रमाणात लिहिलेलंच नाही. ते मुद्दामच मोकळं सोडलंय. एमपीआयच्या आधी प्रत्येक समांतर संगणकाचा संदेश पाठवण्याचा आपापला खाक्या असे. १९९३ साली आयबीएम, इंटेल, क्रे यांची माणसं आणि विद्यापीठांतली मंडळी सगळ्यांसाठी एकच प्रमाण ठरवायला दर सहा आठवड्यांनी डॅलसच्या एका हॉटेलात जमत. या सगळ्या कामात चाळीसेक संस्थांची साठेक माणसं. त्यांच्यापुढे पेच असा : राखीव जागा सक्तीची करावी, तर मेमरी अपुरी पडणार आणि प्रत्येक संदेशाची जादा नक्कल वेळ खाणार. शेवटी ठरलं की जागा द्यायची की नाही, हे ज्याने-त्याने आपल्या यंत्रापुरतं बघावं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्यावर विसंबू नये. मला हा निर्णय आजही पटतो. शिकवताना डोकं धरायची वेळ येते, ते सोडा.

डॅलसला जमले ते नियम करणारे. वापरणाऱ्यांचा मेळा वेगळा, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्याच्यातच जास्त. १९९४ साली रोममध्ये भरला तेव्हा तो पीव्हीएमवाल्यांचा होता. पीव्हीएम म्हणजे ओक रिज प्रयोगशाळेत १९८९ साली सुरू झालेली संदेश पाठवण्याची प्रणाली. वैदी सुंदरम हे तिच्या मूळ कर्त्यांपैकी. १९९७ साली क्राकोला मेळ्याच्या नावात एमपीआय आलं, २०१० साली श्टुटगार्टला पीव्हीएम गळलं. २००४ साली बुडापेस्टला ओपन एमपीआय या एमपीआयच्या अंमलबजावणीची मांडणी झाली ती याच मेळ्यात.

याच मेळ्यातला, पॅरिसचा २००७ मधला एक निबंध मला फार आवडतो. ट्रेफ, ग्रॉप आणि राजीव ठाकूर यांनी त्यात साधी अपेक्षा मांडली : ऑल-रिड्यूस ही एकच हाक, आधी रिड्यूस (सगळ्यांचे आकडे एकाकडे एकत्र) करून मग ब्रॉडकास्ट (ते उत्तर सगळ्यांना) करण्यापेक्षा हळू असता कामा नये. हे कुणी सांगायला हवं का? हवं! जोडकाम कधीकधी खरंच बाजी मारून जातं, आणि मग लोक हातानेच जोडाजोड करत बसतात.

२०१२ साली तर नियम करणारे आणि वापरणारे व्हिएन्नात लागोपाठ भेटले. २१ सप्टेंबरला एमपीआय-३ मंजूर झालं, २३ ला मेळा सुरू. समोरच्याने रिसीव्ह न करताच जाणाऱ्या एकतर्फी संदेशांच्या एमपीआय-२ मधल्या नियमांनी लोक वैतागले होते. त्या नियमांची मोठी डागडुजी या तिसऱ्या आवृत्तीत झाली. काय काय बदललं, ते पुढच्या आठवड्यात. पुन्हा असं पत्र आलं नाही तर.