टॅमिफ्लू कोणाला द्यायची?

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात आम्ही सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होतो. तेव्हा ज्याला त्याला टॅमिफ्लू हवी होती, म्हणजे ओसेल्टामिविर. हे औषध विषाणूला थेट मारत नाही. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर सुटू देत नाही, इतकंच. म्हणून पहिल्या ४८ तासांत घेतलं तर उपयोग जास्त. जास्त म्हणजे किती? २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार प्रौढांचा त्रास सरासरी ७ दिवसांवरून ६.३ दिवसांवर आला. जेमतेम सतरा तास! एवढ्यासाठी मळमळ, उलट्या सोसायच्या का, असं धडधाकट माणसानं जरूर विचारावं.

पण सरासरीला ताप येत नाही हो. ताप येतो तो गरोदर बाईला, दम्याच्या आजोबांना. तिथे हा हिशेब बदलतो. रुग्णालयात दाखल करण्याइतका आजार वाढला, तर ४८ तास उलटले तरी, तपासणीच्या अहवालासाठी न थांबता डॉक्टर औषध सुरू करतात.

आणि प्रतिबंध? मुख्य भिस्त लशीवरच. घरात फ्लूचा रुग्ण असेल, तर शेजारच्या खोलीतल्या आजींना डॉक्टरांना विचारून रोज एक गोळी देता येते. आपण मात्र कपाटात पाकीट साठवून ठेवू नये.