लाल तारखेत कोण कोण?

मुस्लिमबहुल देश म्हटला की सुट्ट्या फक्त ईदच्या, असा आपला एक समज असतो. मंडळी, इंडोनेशियाचं कॅलेंडर उघडून बघा. दोन्ही ईद, हिजरी नववर्ष आहेतच. पण गुड फ्रायडे, नाताळ, बौद्धांची वैशाखी पौर्णिमा आणि हिंदूंचा ‘न्येपी’ याही राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. तिकडे सुट्टीला ‘लाल तारीख’च म्हणतात.

न्येपी म्हणजे बालीतला वर्षारंभ. त्यांचा शकही आपल्या पंचांगातलाच. २०२५ मध्ये २९ मार्चला तिथे शके १९४७ सुरू झालं, ३० ला आपला पाडवा आणि ३१ ला ईद! पण रीत अगदी वेगळी. आपण गुढी उभारतो, ते मौन पाळतात. दिवे नाहीत, काम नाही, रस्ते ओस. विमानतळसुद्धा २४ तास बंद.

आता दुसरी बाजू. ही लाल तारीख सगळ्यांना सहज मिळालेली नाही. १९६७ मध्ये सुहार्तो सरकारने चिनी वंशाच्या नागरिकांना सांगितलं, तुमचे सण घरातच करा. तो आदेश २००० साली अब्दुर्रहमान वाहिद यांनी रद्द केला. हे राष्ट्राध्यक्ष कोण? देशातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेचे माजी प्रमुख! २००३ पासून चिनी नववर्ष राष्ट्रीय सुट्टी झालं.

म्हणून सुट्टी म्हणजे नुसता आराम नव्हे. माझा सण शेजाऱ्याच्याही कॅलेंडरात लाल अक्षरांत छापला जातो, तेव्हा देश मला आपला म्हणत असतो.