पाण्यातला ठेका, भाग 6 : कानाजवळची बीप

गेल्या आठवड्यात 25 मीटरच्या एका फेरीत आपले हात किती पडतात, ते मोजायचं काम तुम्हाला दिलं होतं. तो आकडा वहीत लिहून ठेवला असेल, तर आज त्याचा उपयोग आहे.

एप्रिलमधली गोष्ट. उन्हं चढायच्या आत अमरावतीच्या तलावावर सराव सुरू होता. अकोल्याकडच्या खेड्यातून आलेला पंधरा वर्षांचा एक मुलगा पाण्यात होता. विहिरीत शिकलेला. अंगात दम भरपूर, हात पंख्यासारखे फिरत होते, पाणी चहूकडे उडत होतं. मी काठावरून घड्याळ लावलं. दहा हातांना नऊ सेकंद, म्हणजे एका हाताला 0.90 सेकंद. पंचवीस मीटरला 34 हात. दोन्हींचा गुणाकार 30.6 सेकंद. त्याच्या शेजारच्या पट्ट्यातली मुलगी निवांत हात टाकत त्याच्याबरोबरीनं पलीकडे पोहोचली होती. काठावरच्या सरांनी हाक दिली, "अबे, हात काहून हाणून राह्यला? पानी धर ना!"

"पाणी धर" या दोन शब्दांत सगळं आलं, पण ते पाण्यातल्या पोराला कळणार कसं? विहिरीत शिकलेल्याची यात काही चूक नाही. वऱ्हाडातली विहीर म्हणजे वीस-पंचवीस फुटांची रुंदी. पाठीला डबा बांधून उतरायचं, मग डबा सुटायचा, मग काठावरून उड्या. तिथं तरंगणं येतं, दम येतो, भीती जाते. पण कापायला अंतरच नसतं. चार हातांत समोरची भिंत येते. त्यामुळे डोकं वर, हात आखूड आणि घाईचे, ही सवय लागते. तलावात आल्यावर ती सवय महागात पडते.

पोहण्याच्या वेगाचं गणित फार साधं आहे. मिनिटाला किती हात पडतात आणि एका हातात शरीर किती पुढे सरकतं, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वेग. पहिल्याला स्ट्रोक रेट म्हणतात, दुसऱ्याला स्ट्रोकची लांबी. अल्बर्ट क्रेग आणि डेव्हिड पेंडरगास्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1979 साली स्पर्धेतल्या जलतरणपटूंवर याच नात्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रेट वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर लांबी फार घटते आणि तिथून पुढे नुसती दमछाक होते. त्यात पाण्याचा अडथळा साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती जवळजवळ तेहतीस टक्के जास्त लागते. फुकट काहीच मिळत नाही.

मग किती रेट चांगला? याला एक उत्तर नाही. अमेरिकेची जॅनेट इव्हान्स भराभर हात फिरवायची. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिनं 400 मीटर फ्रीस्टाइल 4 मिनिटं 3.85 सेकंदांत जिंकली आणि तो विक्रम 2006पर्यंत टिकला. चीनचा सुन यांग नेमका उलट, लांबच लांब, संथ हात. 2012मध्ये लंडनला त्यानं 1500 मीटर 14 मिनिटं 31.02 सेकंदांत पूर्ण केली. तो विक्रम 2024च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत कुणाला मोडता आला नाही. दोघांच्या उंचीत, हातांच्या लांबीत फरक होता. म्हणून प्रत्येकानं आपला ठेका स्वतः शोधायचा असतो.

तो शोधायला मदत करणारं यंत्र म्हणजे टेम्पो ट्रेनर. फिनिस कंपनीचं पिवळं टेम्पो ट्रेनर पुष्कळांनी पाहिलं असेल. मुठीत सहज मावणारं, टोपीखाली कानाजवळ सरकवायचं किंवा गॉगलच्या पट्ट्याला अडकवायचं. दर ठरावीक वेळानं ते बीप वाजवतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत अंतर लावता येतं. 1.00 लावलं तर मिनिटाला 60 हात, 1.20 लावलं तर 50, 1.50 लावलं तर 40. एक घोळ मात्र आधीच मिटवा. काही जण डावा-उजवा मिळून एक मोजतात, काही प्रत्येक हात वेगळा. इथं आपण प्रत्येक हात मोजतोय. बोटं पाण्यात शिरतात त्या क्षणी बीप, एवढंच ठरवून घ्यायचं आणि त्यात बदल करायचा नाही. ब्रेस्टस्ट्रोकला पूर्ण एका आवर्तनाला एक बीप. टर्न आणि भिंतीवरून ढकलून घेताना बीपकडे लक्ष द्यायचं नाही, पहिल्या हातापासून परत ठेका धरायचा.

त्या मुलाला आम्ही 1.20 लावून दिलं. पहिल्याच फेरीत वैतागला. हात पुढे जाऊन बीपची वाट बघत थांबायचा आणि थांबला की पाय बुडायचे. हात 28, गुणाकार 33.6, म्हणजे आधीपेक्षा हळू. "सर, हे तं मले मागंच ओढून राह्यलं," म्हणाला. बहुतेक लोक इथंच यंत्र काढून ठेवतात. त्याला फक्त एवढंच सांगितलं की बीपची वाट पाहत हात रिकामा ठेवू नकोस, त्या वेळात कोपर वर ठेवून पंजा आणि कोपरापुढचा हात मागं वळव, पाणी पकडून मागं ढकल. तीन आठवड्यांनी 1.20 लाच 25 हात झाले, 30.0. मग दर फेरीला पाच शतांश कमी करत गेलो. 1.10 ला 26 हात, 28.6. आणि 1.00 ला एकदम 31 हात, 31.0. पाणी निसटलं. त्याची आजची सीमा 1.10 च्या आसपास आहे, हे मी त्याला समजावत बसलो नाही, त्याच्याच वहीनं त्याला दाखवलं. (भिंतीवरून ढकलल्यावरची घसरण या गुणाकारात धरलेली नाही, म्हणून घड्याळाचा आकडा थोडा वेगळा येतो.)

तुम्हीही हेच करा. आधी आपला नेहमीचा ठेका काढा. कुणाला तरी दहा हातांचा वेळ घ्यायला सांगा आणि दहानं भागा. तिथून दोन्हीकडे, हळूही आणि जलदही, थोडं थोडं सरका. मध्ये पुरेशी विश्रांती घ्या, नाहीतर थकवा आणि ठेका यांची सरमिसळ होते. जिथं हातांचा आकडा एकदम उडी मारतो, तिथं थांबून खूण करा.

यंत्र परवडत नाही, अशी अडचण तालुक्याच्या तलावांवर खरीच आहे. त्यावर एक उपाय सांगतो. काठावरून ओरडलेलं पोहणाऱ्याला ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो. पण पाण्यातून निघालेला आवाज सेकंदाला सुमारे 1480 मीटर, हवेच्या चौपटीहून वेगानं जातो. म्हणून सरांनी मोबाइलवर मेट्रोनोम लावून एका कानात इयरफोन घालावा आणि त्या ठेक्यावर तलावाच्या स्टीलच्या शिडीवर पान्यानं टकटक करावी. जवळच्या पट्ट्यांतल्या सगळ्या पोरांना ती पाण्याखाली स्वच्छ ऐकू येते. फक्त शिडीला पोचे पडणार नाहीत इतपत हलकी.

बाहेरच्या ठेक्यावर अंग बसवण्याची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. 1914 साली अमरावतीत सुरू झालेलं आणि 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथल्या पिढ्यांच्या अंगात हेच मुरवत आलं आहे. लेझीम हलगीवर शिकतात. सुरुवातीला पाय हलगीमागे धावतात. मग एक दिवस हलगी चुकली तरी पाय चुकत नाहीत. शास्त्रीय गाणारे रियाजाला तबल्याचं यंत्र लावतात, त्याचाही हेतू तोच.

पाण्यात तर ठेका असा अंगात मुरवण्याला पर्यायच नाही. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या जलतरणाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत शर्यतीत वेग ठरवून देणारी कुठलीही मदत किंवा साधन चालत नाही. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी टोपीखाली फक्त केस असणार. म्हणून सरावातसुद्धा दोन फेऱ्या बीपसह आणि एक फेरी बीपशिवाय, हे प्रमाण मी कधी मोडू देत नाही.

परवा त्या मुलाचं यंत्र काढून घेतलं आणि 50 मीटर पोहायला सांगितलं. पहिल्या 25 मध्ये दहा हातांना 11.1 सेकंद. शिकवल्यासारखा! टर्ननंतर मात्र दहा हातांना 9.7. काठाला येऊन धापा टाकत त्यानं मलाच विचारलं, "सर, तिकडून येतानी काय झालं?" हात बिघडले नव्हते. टर्नच्या आधी त्यानं श्वास सोडलाच नव्हता. पाण्यात श्वास कधी सोडायचा आणि तो ठेक्यात कुठं बसवायचा, हे पुढच्या आठवड्यात.