मोठ्याची गादी धाकट्याला चालेल का?

घरात दुसरं बाळ येणार म्हटलं की माळ्यावरची जुनी गादी खाली येते. कुणाची जाऊ आपल्या लेकराची पाठवून देते. पैसा वाचतो, म्हणून कुणी विचार करत नाही. पण आयाबहिणींनो, विचार करायला हवा.

गादी आपल्याच घरातली असेल तर आधी तपासा. तळहाताने दाबा आणि हात उचला. खळगा तसाच राहिला तर ती बाळासाठी नको. बाळाचं तोंड खळग्यात रुतलं तर त्याला मान उचलता येत नाही आणि श्वास कोंडतो. कापसाचे गोळे झालेत, मुताचा वास मुरलाय, बुरशीचे डाग आहेत, तरी नको. खोळ बदलून आतली ओल जात नाही.

दुसऱ्या घरची गादी शक्यतो टाळाच. स्कॉटलंडमधल्या २००२ सालच्या अभ्यासात अशी वापरलेली गादी आणि बाळांचे झोपेतले अचानक मृत्यू यांचा संबंध दिसला. गादीमुळेच मृत्यू होतो हे त्यातून सिद्ध झालं नाही, पण सावध व्हायला एवढं पुरे.

मग नवी विकतच घ्यायची का? गरज नाही. सपाट जागी चटई टाका. वर धुऊन कडक उन्हात वाळवलेली पातळ सुती गोधडी सुरकुती न ठेवता अंथरा. बाळाला उताणं निजवा. मोहरीची उशी, लोड, जड पांघरूण जवळ नको. घरात विडी-सिगारेटही नको.

बाळाला मऊ नाही, घट्ट आणि सपाट अंथरूण लागतं. त्याला फार पैसे पडत नाहीत.