पत्ता कळला, पण यंत्र कोणतें?

वऱ्हाडांतील रुईच्या व्यापाऱ्यास ‘प्रेस-मार्क’ म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नसे. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रत्येक गांठीवर, ती प्रेसमधून बाहेर पडण्यापूर्वीं, कारखान्यास नेमून दिलेली खूण व अनुक्रमांक घालणें सक्तीचें केलें. गांठ अमरावतीची असो कीं अकोल्याची, मुंबईस ती फोडल्यावर आंत ओला किंवा भेसळीचा माल निघाला, तर खुणेवरून कारखाना आणि आंकड्यावरून नेमकी गांठ हुडकतां येई.

संगणकांच्या नेटवर्कवर हीच युक्ति निराळ्या नांवानें चालते. जाळ्यास जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रास ४८ बिटांचा ‘मॅक’ पत्ता असतो. सर्वसाधारणपणें त्यांतील पहिले २४ बिट आयईईई ही संस्था कारखानदारास नेमून देते, उरलेले तो स्वतः भरतो. अकोल्याच्या एखाद्या पेढींत वीस संगणक, दोन प्रिंटर आणि भिंतीवरचे कॅमेरे एकाच जाळ्यावर असले, तर १९९७ पासून मोफत मिळणारें ‘एनमॅप’ हें साधन सर्वांस हांक मारून कोण ओ देतो तें पाहतें, व पत्त्यावरून कोणतें यंत्र कोणत्या कंपनीचें असावें हेंहि सांगतें. फोनांच्या बाबतींत मात्र या खुणेवर फार विसंबूं नये. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोन निरनिराळ्या वायफायवर निरनिराळा मॅक पत्ता दाखवूं लागले आहेत.

खरी पंचाईत पुढेंच आहे. समजा, पेढीचा हिशेब अमरावतीस, गोदाम अकोल्यास आणि दोहोंचें काम ज्या यंत्रांवर चालतें तीं भाड्यानें घेतलेलीं, क्लाउडवर. क्लाउड म्हणजे ढग खरा, परंतु हा ढग आकाशांत नसून कुलूपबंद इमारतींत आहे. मायक्रोसॉफ्टनें सप्टेंबर २०१५ मध्यें पुणें, मुंबई व चेन्नई येथें, आणि ॲमेझॉननें जून २०१६ मध्यें मुंबईस अशीं केंद्रें उघडलीं. तेथें भाडेकरूस मिळतें तें लोखंडी यंत्र बहुधा नसतेंच. एका मोठ्या यंत्राचा कल्पित वांटा असतो. तो सकाळीं उभा राहतो, संध्याकाळीं मोडला जातो, आणि त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशीं भलत्यासच मिळूं शकतो. ॲमेझॉनच्या जाळ्यांत तर सर्वांस एकदम मारलेली हांक पोंचतच नाहीं, आणि बाहेरून येणारी विचारपूस, मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज, दारावरच अडते. म्हणून हांका मारणारें साधन तेथें फसतें. कोणी ओ दिली नाहीं, म्हणजे घरांत कोणी नाहीं असें नव्हे.

अशा ठिकाणीं घरमालकाची वही वाचणारें साधन हवें. क्लाउड देणारी कंपनी प्रत्येक यंत्रास स्वतंत्र ओळखअंक देते, आणि तें केव्हां उभें केलें याची नोंद ठेवते. साधनास ही वही वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. लिहिण्या-मोडण्याचा देऊं नये. साध्या वाचनानेंहि पुष्कळ उलगडा होतो. चांचणीसाठीं उभें करून विसरलेलें यंत्र कोणीं न वापरतांहि भाडें खात राहतें, आणि कोणाचें लक्ष नसल्यामुळें चोरास तेंच दार सोपें पडतें.

वहीलाहि मर्यादा आहेत. यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे हें तिला दिसत नाहीं, आणि अकोल्याचा कॅमेरा तर तिच्यांत नसतोच. त्यासाठीं ‘झॅबिक्स’सारखें साधन उपयोगी पडतें. त्याचा एक लहानसा हस्तक क्लाउडवरील यंत्रांत बसून खबर देतो. आणि कचेरींतील राउटर-प्रिंटरांस, त्यांत ती सोय असल्यास, तें १९८८ सालीं ठरलेल्या एसएनएमपी या पद्धतीनें प्रश्न विचारतें. राउटर-मोडेमांस यंत्रांतच न गणण्याची खोड महागांत पडते. जुलै २०१७ मध्यें बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमांवर दुष्ट प्रोग्रामाची धाड आली, तेव्हां कारखान्यांतून आलेला पासवर्ड बदला, असें ग्राहकांस सांगावें लागलें. आपल्या राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती किती घरांत उघडून पाहिली जाते?

आतां काळाचा प्रश्न. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानें कंपन्यांवर असें बंधन घातलें कीं, हल्ल्यासारखा प्रकार लक्षांत आल्यापासून ६ तासांत कळवावें, १८० दिवसांचे लॉग जपावे, आणि घड्याळें सरकारी वेळेशीं जुळवून ठेवावीं. पत्ते हात बदलतात, म्हणून वेळेवांचून पत्ता निरर्थक ठरतो. कोणत्या पत्त्यावरून कोठें, केव्हां व किती मजकूर गेला हें सांगणारे ‘फ्लो लॉग’ ॲमेझॉनवर आपोआप सुरू नसतात. ते मागून घ्यावे लागतात. घटना घडून गेल्यावर ते सुरू करून मागचें कांहीं हातीं लागत नाहीं.

तेव्हां साधन विकत घेण्यापूर्वीं रंगीबेरंगी नकाशे पाहण्यांत वेळ घालवूं नये. तें आठवडाभर चालवून पाहावें. नंतर मुंबईच्या यंत्रांपैकीं गेल्या बुधवारचा कोणताहि एक पत्ता घेऊन, रात्रीं दोन वाजतां तो कोणाकडे होता, असें त्यास विचारावें. आज तो कोणाकडे आहे एवढेंच तें सांगूं लागलें, तर दुकानदारास परत करावें.