घट्ट म्हणजे किती घट्ट?

सन २०१२च्या मे महिन्यातली गोष्ट. वाईला भाचीचे लग्न होते. पुण्याहून भल्या पहाटे निघालो. मी, पत्नी, मागच्या सीटवर अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली आमची पाचवीतली मुलगी. आदल्याच संध्याकाळी पुढचे दोन्ही टायर नवे बसवून घेतले होते. गाडीची सगळी काळजी घेतली, आता चिंता नाही, अशा समाधानात मी होतो.

शिरवळ मागे पडले आणि पुढून कुठून तरी ‘खट खट’ असा आवाज येऊ लागला. स्टीअरिंगलाही बारीक थरथर जाणवत होती. रस्ता खराब असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. पत्नी म्हणाली, “अहो, रस्ता तर चांगला आहे. थांबवा बघू गाडी.” खंबाटकी घाट थोडा पुढे होता. कडेला पंक्चरची एक टपरी दिसली, तिथे थांबलो.

टपरीवरचे मामा उकिडवे बसले, चाकावरची प्लास्टिकची टोपी त्यांनी काढली, आणि तिच्यातून एक नट टपकन खाली पडला. आवाज त्याचाच होता. उरलेल्या तीन नटांपैकी दोन त्यांनी चिमटीत धरून फिरवून दाखवले. चाक एका नटाच्या आधाराने इथवर आले होते. “साहेब, घाट चढला असता,” मामा म्हणाले, “पर उतरताना काय खरं नव्हतं.”

आईला आम्ही काहीच सांगितले नाही. तिने टपरीशेजारी बसून चहा घेतला, मामांच्या नातवंडांची चौकशी केली. माझे हात मात्र थरथरत होते.

चूक कोणाची? टायरच्या दुकानातल्या पोराने नट बोटांनी लावले असतील, तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले असेल आणि शेवटचा पीळ द्यायचा राहून गेला असेल. पण त्या वेळी मी काय करत होतो? खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होतो. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. एकाने मोजलेली रोकड दुसऱ्याने पुन्हा मोजायची. त्यात अविश्वास नसतो, ती रीत असते. नोकरीत ही रीत कसोशीने पाळणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ज्या चार नटांवर घरची माणसे बसवली, त्यांना साधा हात लावून पाहिला नव्हता.

ठेच लागलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्या टोकाला जातो. माझेही तसेच झाले. त्यानंतर कुणीही चाक बसवले, की मी डिकीतला एल आकाराचा पाना काढायचा, नटाला लावायचा आणि त्यावर चक्क उभा राहायचा. वर दोन उड्याही मारायचा. घट्ट म्हणजे कसे, एकदम घट्ट!

या शहाणपणाचे फळ २०१४च्या पावसाळ्यात मिळाले. माणगावच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. भर पावसात नट सोडवायला बसलो, तर एकही हलेना. शेवटी पुन्हा पान्यावर उभा राहिलो. ‘कट्’ असा आवाज झाला. मला वाटले, नट सुटला. प्रत्यक्षात ज्या स्टडवर तो बसतो, तो स्टडच तुटून नटासकट हातात आला होता. उरलेल्या तीन नटांवर गाडी रांगत रांगत माणगावात नेली.

घरी आल्यावर ही हकिगत आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त इंजिनियर काकांना सांगितली. हयात कारखान्यात घालवलेला माणूस. ते हसले आणि म्हणाले, “अहो, नट म्हणजे खिळा नव्हे. स्टड हा स्प्रिंगसारखा असतो.”

काकांनी मला जे समजावले, ते मी इतकी वर्षे गाडी चालवूनही मला ठाऊक नव्हते. चाक नटांवर टांगलेले असते, अशी आपली कल्पना. तसे ते नसते. नट आवळला की स्टड अगदी केसभर ताणला जातो. ताणलेला स्टड पुन्हा आखडू पाहतो आणि त्या ओढीने चाक हबवर घट्ट दाबले जाते. गाडीचा भार आणि ब्रेकचा झटका पेलते ते या दाबामुळे दोन पृष्ठभागांत होणारे घर्षण. ओढ कमी पडली, की प्रत्येक फेऱ्याला चाक हबवर किंचित सरकते आणि त्या हालचालीने नट सैल होत जातात. ओढ प्रमाणाबाहेर गेली, की स्टड कायमचा लांबतो. जुन्या पायजम्याचे इलॅस्टिक जसे एकदा सैलावले की पुन्हा आखडत नाही, तसे. शिवाय अति आणि असमान आवळण्याने ब्रेकची डिस्कही वाकडी होऊ शकते; मग ब्रेक दाबला की गाडी थरथरते.

मग घट्ट म्हणजे किती? हा आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना तो ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. समजा १०० धरला, तर ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे ३४ किलोंचा जोर पुरतो. माझे वजन तेव्हा ७२ किलो. म्हणजे पान्यावर नुसता उभा राहिलो तरी दुप्पट पीळ बसत होता. उड्यांचा हिशेब काकांनी केलाच नाही.

आटे गंजू नयेत म्हणून मी त्यांना तेलही लावत असे. काकांनी कपाळाला हात लावला. नट आवळताना आपल्या जोराचा जेमतेम एक दशांश भाग स्टड ताणायला लागतो. बाकीचा घर्षणात जातो. तेलाने घर्षण घटले, की तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तिकेतला आकडा साधारणपणे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो.

काकांकडून शिकलेली रीत सांगतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, समोरच्या टोकाच्या चाकाला दगड लावून उभी करावी. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत आणि मग जॅक लावावा. नवे चाक चढवण्यापूर्वी हबवरची माती, गंज फडक्याने किंवा तारेच्या ब्रशने काढावा. मधे अडकलेली माती पुढे झडते आणि नट सैल पडतो. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून सगळे नट आधी बोटांनी फिरवावेत. मग पान्याने बेताने आवळावेत, तेही शेजारचे नव्हे, समोरासमोरचे. पाच नट असतील, तर मुले पाच टोकांची चांदणी काढतात त्या क्रमाने. शेजारशेजारचे आवळले, तर चाक तिरके बसते. हाताला घट्ट वाटते आणि चार मैलांवर सैल होते. गाडी खाली उतरवून त्याच क्रमाने शेवटचा पीळ द्यावा.

त्यासाठी टॉर्क पाना मिळतो. आकडा लावायचा आणि सावकाश ओढायचा; ‘टक्’ झाले की थांबायचे. त्याने नट सोडवू नयेत आणि काम झाल्यावर आकडा सर्वांत खाली आणून ठेवावा. टायरवाल्याकडची हवेची गन नट काढायला उत्तम. पण शेवटचा पीळ हातानेच द्यायला सांगावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ८० ते १०० किलोमीटर गाडी चालली, की ती थंड असताना नट पुन्हा एकदा तपासावेत. चाक आणि हब एकमेकांवर नीट बसेपर्यंत थोडी ढिलाई येऊ शकते. अलॉय चाकांना तर हे विसरूच नये.

आता मी टायरच्या दुकानात वर्तमानपत्र वाचत नाही. पोराजवळ उभा राहतो आणि शेवटी माझ्या पान्याने प्रत्येक नट तपासतो. पहिल्यांदा एक मालक रागावले. “आमच्यावर विश्वास नाही का?” म्हणाले. मी म्हटले, “आहे ना. पण ही रीत आहे.”

आई आता नाही. खंबाटकीच्या पायथ्याशी आपण का थांबलो होतो, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. तिच्या मांडीवर झोपलेल्या मुलीने मात्र गेल्या वर्षी स्वतःच्या पगारातून जुनी गाडी घेतली. टायर बदलून कोल्हापूरला निघाली, तेव्हा मी टॉर्क पाना तिच्या डिकीत ठेवला. “बाबा, आता याची काय गरज?” म्हणत ती निघून गेली.

दोन तासांनी फोन आला. साताऱ्याला चहाला थांबली होती. गाडी जरा निवली, की नट तपासायचे म्हणत होती. तिने विचारले, “बाबा, आकडा किती लावायचा म्हणालात?”